असगंधाची पुडी सोडण्यापूर्वी

झाशीतील मराठी घरांतून, मग ती जुन्या शहरातल्या वाड्यांतली असोत की रेल्वेच्या नोकरीनिमित्त दोन-तीन पिढ्यांपूर्वी नगरा आणि सीपरी बाजाराच्या बाजूस येऊन स्थिरावलेली असोत, गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या शब्दांत कानावर येतो, की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटू लागले आहे. प्रश्न साधारणतः असा असतो: ‘‘कामाच्या ताणाने मन पार खचले आहे, झोप नाही, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, पण तिची सवय लागते म्हणतात, तर त्याऐवजी ब्राह्मी किंवा असगंध घेतले तर चालेल का?’’ आपल्या गावात आयुर्वेदीय औषधांचा मोठा कारखाना आहे, शासकीय आयुर्वेदिक महाविद्यालय आहे, केंद्रीय आयुर्वेद संशोधन संस्था आहे, आणि त्यांच्या जोडीला 1968 साली स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजही आहे. त्यामुळे सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच पडत नाही, आणि ज्याला सल्ला हवा तो मात्र दोन दरवाज्यांच्या मध्ये उभा राहतो. मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. या विषयावरचे कागद चाळण्याची खोड मात्र जुनी आहे. त्या आधारे, निर्णय घेण्यास जेवढे लागते तेवढेच येथे सांगतो.

सवयीविषयीची भीती प्रथम बाजूस सारू. नैराश्यावर आज सामान्यतः ज्या गोळ्या लिहून दिल्या जातात, त्यांची झोपेच्या काही गोळ्यांसारखी चटक लागत नाही. तथापि त्या एकाएकी बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होतात, आणि ‘सवय लागली’ असा समज त्यातूनच रूढ झाला आहे. त्यांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. तिसऱ्या दिवशी पट्टी कपाटात टाकून जडीबुटीच्या दुकानाकडे वळणारा मनुष्य इलाजाची परीक्षा होण्यापूर्वीच निकाल लावून मोकळा झालेला असतो.

आधी रोग कोणता, ते ठरवा

ताण, दुःख आणि नैराश्य या तिन्ही गोष्टींना बोलताना आपण एकच शब्द वापरतो. बदली झाली, मुलाची परीक्षा बिघडली, घरात मृत्यू झाला, तर मन खिन्न होणारच. त्याला औषध असलेच पाहिजे असे नाही. परंतु मनाची उदासी किंवा कशातच रस न उरणे, या दोहोंपैकी निदान एक गोष्ट, आणि तिच्या जोडीला भूक वा वजन बदलणे, झोप उडणे किंवा अतोनात येणे, हालचाल मंदावणे किंवा उगाच तगमग होणे, थकवा, आपण निरुपयोगी वा अपराधी आहोत ही भावना, चित्त एकाग्र न होणे, आणि मरणाचे विचार, अशा एकूण नऊ लक्षणांपैकी पाच लक्षणे सलग दोन आठवडे बहुतेक रोज टिकून असतील आणि त्यापायी नित्याचे व्यवहार अडत असतील, तर इकडच्या इस्पितळांत ज्याला ‘अवसाद’ म्हणतात तो हा रोग असण्याचा संभव आहे, आणि त्याचे निदान दुकानाच्या फळीवर होत नाही.

निदानाबरोबर रक्ताची तपासणीही मागून घ्या. थायरॉइडची मंदगती, पंडुरोग आणि बी-12 जीवनसत्त्वाची न्यूनता या तिन्ही गोष्टी नैराश्याचे हुबेहूब सोंग आणतात, आणि त्यांवर ब्राह्मीचा काडीमात्र उपयोग नाही.

पुढील परिस्थितीत वनस्पतींचा प्रयोग करीत वेळ दवडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा:

- जीव देण्याचे विचार मनात येत असतील, किंवा घरातील कोणी तसे बोलून दाखवीत असेल.
- खाणेपिणे सुटले असेल, अथवा नसलेले आवाज ऐकू येत असतील.
- बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत ही अवस्था आली असेल.
- पूर्वी कधी उलट टोकाची अवस्था, म्हणजे दिवसेंदिवस झोपेवाचून उत्साह, बडबड, उधळपट्टी, येऊन गेली असेल. अशा रोग्यास नैराश्य घालविणारे कोणतेही द्रव्य, ते झाडाचे असो वा कारखान्याचे, पुन्हा त्या टोकास नेऊ शकते.

मध्यरात्री हा प्रसंग ओढवला तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य चालते. तिच्या भाषांत मराठीही आहे.

सर्पगंधेची कैफियत

‘‘झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही ना होणार,’’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असे घर विरळा. या वाक्याला माझे उत्तर माझ्या आत्याच्या टेबलावर होते. काकांच्या माघारी तिची झोप गेली. शेजारच्या एका सज्जन बाईंनी झोपेसाठी ‘अगदी साध्या आयुर्वेदिक’ गोळ्या आणून दिल्या. झोप थोडी लागू लागली, आणि चार महिन्यांत आमची बोलकी आत्या खिडकीपाशी नुसती बसून राहू लागली. स्वयंपाकघरात डबे उघडे पडलेले असत आणि तिला त्याचे भान नसे. आम्ही ते शोकाच्या खात्यावर मांडले. अखेर ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी तिला काही विचारण्यापूर्वी आम्हांस घरी पाठविले आणि ‘घरात आहेत तेवढ्या बाटल्या घेऊन या’ असे बजावले. आत्याच्या बाटलीवरील घटकद्रव्यांच्या यादीत, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या अक्षरांत, तिसऱ्या ओळीवर सर्पगंधा होती. सगळा दोष त्या गोळीचाच, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. त्यांनी गोळी बंद करविली, रक्तदाबाच्या औषधाशी तिचा मेळ तपासला, आणि मूळ रोगाचा इलाज सुरू केला.

सर्पगंधेचा इतिहास आपण जाणून घ्यावा असाच आहे. बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणत. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिच्या गुणांची नोंद प्रसिद्ध केली. 1949 साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव मांडला, आणि या मुळीकडे साऱ्या जगाचे लक्ष वेधले. 1952 साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. हिंदुस्थानच्या मातीतल्या एका मुळीने आधुनिक वैद्यकास दिलेली ही फार मोठी देणगी होय. परंतु हे औषध सर्रास दिले जाऊ लागल्यावर काही रोगी विलक्षण खिन्न होत असल्याचे दिसून आले. रेसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन, डोपामिन या संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिता करते, ही गोष्ट कळली, आणि ‘या द्रव्यांच्या तुटीमुळे नैराश्य येत असावे’ हा तर्क ज्या निरीक्षणांवर उभा राहिला त्यांत हेही एक होते. हे किती वेळा घडते याविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. तरीही ज्याला नैराश्य आहे किंवा होऊन गेले आहे त्याला रेसर्पिन देऊ नये, हा दंडक कायम आहे. तेव्हा झोपेच्या वा रक्तदाबाच्या ‘देशी’ गोळीच्या यादीत सर्पगंधा दिसली, तर मन खचलेल्या माणसाने ती गोळी आपण होऊन घेऊ नये.

वनस्पती निरुपद्रवी असते असे म्हणणे म्हणजे ती निष्प्रभ असते असेच म्हणणे होय, आणि तसे असते तर हा लेख लिहिण्याचे कारणच नव्हते.

कोणत्या मुळीविषयी काय ठाऊक आहे

प्रथम एक खुलासा. ‘अमुक वनस्पतीतील द्रव्य नैराश्यावर गुणकारी’ अशी जी वार्ता वर्तमानपत्रांत येते, ती पुष्कळदा उंदरांवरील प्रयोगांची असते. उंदराला पाण्याच्या पात्रात सोडतात, तो किती वेळ हातपाय मारतो आणि केव्हा नुसता तरंगत राहतो ते मोजतात, आणि औषध दिल्यावर तो अधिक वेळ धडपडला तर औषधात काही अर्थ असावा असे मानतात. ही रीत शास्त्रात मान्य आहे; पण त्या पात्रातल्या उंदरापासून कर्जाच्या हप्त्यांनी आणि साहेबाच्या हुकमांनी गांजलेल्या कारकुनापर्यंतचे अंतर बरेच आहे. वार्ता वाचताना एवढेच पाहा की प्रयोग माणसांवर होता काय, किती माणसांवर होता, आणि किती दिवसांचा.

- असगंध (अश्वगंधा). आपल्या मराठीत आस्कंद. हिच्या मुळातील विथॅनोलाइड द्रव्यांवर पुष्कळ काम झाले आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय प्रयोगात 64 माणसांपैकी निम्म्यांना मुळाचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा 60 दिवस दिला, आणि त्यांचा ताण इतरांहून अधिक उतरला. परंतु ती माणसे दीर्घकाळ ताण सोसणारी होती, नैराश्याचे निदान झालेले रोगी नव्हेत. ताणासाठी, वैद्याच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांच्या मुदतीने घेणे समजण्यासारखे आहे. नैराश्याचा एकमेव इलाज म्हणून घेणे समजण्यासारखे नाही. यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत, थायरॉइडची पातळी वाढते, गुंगी येते. गर्भवतीने घेऊ नये. पानांचा नव्हे, मुळाचाच वापर करावा, अशी सूचना आयुष मंत्रालयाने 2021 साली औषधनिर्मात्यांना दिली आहे. वेष्टणावर ‘मूळ’ लिहिले आहे की नाही ते पाहा.

- हळद. भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील 60 रोग्यांवरचा प्रयोग 2014 साली प्रसिद्ध झाला. एका गटास हळदीतील कर्क्युमिन रोज 1000 मिलिग्रॅम, दुसऱ्यास नैराश्यावरील गोळी फ्लुओक्सेटिन 20 मिलिग्रॅम, तिसऱ्यास दोन्ही, असे सहा आठवडे दिले. तिन्ही गटांना उतार पडला आणि त्यांच्यात ठाम फरक आढळला नाही. उत्साहाच्या भरात पुष्कळांनी याचा अर्थ ‘हळद म्हणजेच गोळी’ असा लावला. पण प्रयोगात नुसती खोटी गोळी घेणारा चौथा गट नव्हता, आणि सहा आठवड्यांत पुष्कळ रोग्यांना आपोआपही थोडा उतार पडतो. शिवाय कर्क्युमिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते. रोजच्या आमटीतल्या चिमटीचा येथे संबंध नाही. शोषण वाढविण्यासाठी मिरीचा अर्क घालून केलेल्या कॅप्सुलांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. पित्ताशयात खडे असतील, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर कॅप्सूल नको.

- केशर. इराणात रोज 30 मिलिग्रॅम अर्क देऊन केलेले प्रयोग सौम्य व मध्यम नैराश्यात आशादायक ठरले. मात्र ते लहान होते. बाजारात केशर म्हणून करडईच्या पाकळ्या विकण्याची वहिवाट किती जुनी आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

- सेंट जॉन्स वर्ट. ही युरोपातील वनस्पती. हिचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, आणि धोकाही. 2008 साली 29 प्रयोगांचा आणि साडेपाच हजारांच्या आसपास रोग्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला, त्यात ती खोट्या गोळीहून सरस आणि प्रचलित औषधांच्या तोडीची आढळली. परंतु यकृतातील जी यंत्रणा औषधांचा निचरा करते तिला ही चाबूक मारते. परिणामी गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, मूत्रपिंडाच्या रोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन, हृदयाचे डिगॉक्सिन, ही औषधे शरीरातून लवकर निघून जातात आणि निष्प्रभ होतात. नैराश्याच्या गोळीबरोबर घेतली तर सेरोटोनिनचा अतिरेक होऊन जिवावर बेतू शकते. परदेशी असलेल्या मुलाने भेट म्हणून बाटली पाठविली असेल, तर ती डॉक्टरांना दाखविल्यावाचून उघडू नका.

ब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत बरेच काम झाले. तिचे नाव मुख्यत्वे स्मरणशक्तीसाठी आहे, नैराश्याच्या रोग्यांवरील पुरावा तुटपुंजा. भांगेविषयी, ती या प्रांतात परवान्याच्या दुकानात मिळते म्हणून, एकच वाक्य: खचलेल्या मनास ती औषध नव्हे.

एका नावाच्या दोन पुड्या

गेल्या वर्षी मी जुन्या बाजारात दोन दुकानांत ब्राह्मी मागितली. पहिल्याने वाळलेली, गोल, घोड्याच्या खुरासारखी पाने बांधून दिली; दुसऱ्याने बारीक, लांबट, जाडसर पानांच्या काड्या दिल्या आणि ‘असली यही है’ असे वर सुनावले. पहिली मंडूकपर्णी, दुसरी इकडे जिला जलनीम म्हणतात ती. दोघेही आपापल्या परीने खरे होते, कारण प्रांताप्रांतांत हे नाव दोन्ही वनस्पतींना लागते. चरकाने जी चार मेध्य, म्हणजे बुद्धिवर्धक, रसायने सांगितली, ती मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुळवेल आणि शंखपुष्पी. त्यांतल्या शंखपुष्पीच्या नावाने तर चार वेगवेगळ्या वनस्पती खपतात, आणि त्यांत आपली कुंपणावरची गोकर्णही आहे. गुळवेलीच्या जागी तिच्याच कुळातील दुसरी वेल येण्याची भीती आहे, आणि 2021 साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास हरकत घेतली. वाद तज्ज्ञ मिटवतील. तोवर यकृत नाजूक असलेल्यांनी दूर राहावे.

सुटी पुडी घेण्याऐवजी परवान्याची, गट क्रमांकाची, मुदत छापलेली बाटली घ्या. तिच्यावर दोन प्रकारचे क्रमांक आढळतात, आणि येथे बरेच लोक फसतात. आयुर्वेदीय औषधावर औषध परवान्याचा क्रमांक असतो. त्याऐवजी अन्न खात्याचा चौदा आकडी क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ असेल, तर कायद्याने ते खाद्य-पूरक होय. रोग बरा करण्याचा दावा त्याला करताच येत नाही, मग दुकानदार काहीही सांगो. धातुमिश्रणाचाही विचार ठेवा: 2004 साली अमेरिकेतील बॉस्टन भागात विकत घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते.

दोन औषधे एका पोटात

मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी 1992 साली दाखवून दिले की शंखपुष्पीच्या एका आयुर्वेदीय योगामुळे मिरगीवरील फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणजे बुद्धी वाढावी म्हणून दिलेल्या सरबताने थांबलेले झटके परत येऊ शकतात. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरते. असगंध थायरॉइडच्या, मधुमेहाच्या आणि झोपेच्या औषधांत ढवळाढवळ करते.

रेल्वेत इंजिनावर किंवा गाडीबरोबर काम करणाऱ्यांना वेगळे सांगतो. मानसोपचाराचा कागद नोकरीच्या दप्तरात जाईल, या धास्तीने पुष्कळजण गुपचूप तगर-असगंधाच्या गोळ्या घेऊन रात्रीच्या ड्यूटीवर चढतात. डोळ्यांवर झापड आणणारी गोळी कोणत्या शास्त्राची, हे सिग्नलला कळत नाही.

झाशीत कोठे जावे, आणि काय घेऊन

मेडिकल कॉलेजातील मानसोपचार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष हा पहिला दरवाजा. आजार जुना आणि बिकट असेल तर ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. आयुर्वेदाचाच मार्ग हवा असेल तर तो कायद्यासही मान्य आहे. मात्र 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मानसोपचार-व्यावसायिक म्हणून आयुर्वेदातील ‘मनोविज्ञान आणि मानसरोग’ या विषयाच्या पदव्युत्तर पदवीधरास स्थान आहे, तेव्हा ‘वैद्यजी, आपली पदवी कोणत्या विषयातली?’ असे अदबीने विचारण्यास संकोच नको. नैराश्य सौम्य असेल तर समुपदेशन आणि नियमित चालणे यांनीच आरंभ करणे, हाही पूर्ण मान्यतेचा पर्याय आहे. त्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

जाताना घरातली प्रत्येक बाटली, पुडी आणि पट्टी एका पिशवीत घाला. डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवू नका, आणि वैद्य नाराज होतील म्हणून गोळी लपवू नका. चालू गोळी सोडून वनस्पतीवर यायचेच असेल, तर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून घ्या. फ्लुओक्सेटिनसारखे औषध थांबविल्यानंतरही कित्येक आठवडे अंगात राहते. वनस्पती सुरू करताना मुदत ठरवा. सहा आठवड्यांत उतार नसेल तर ती गुणाची नाही, असे मानून परत या.

आपले हक्क

वरील अधिनियमान्वये सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेत मानसिक आजारावर उपचार मिळण्याचा आपणांस हक्क आहे, दारिद्र्यरेषेखालील रोग्यास तो विनामूल्य मिळावयाचा आहे. आपल्या आजाराची वार्ता गुप्त राखणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. कागदपत्रांची नक्कल मागता येते. विमा कंपनीने शारीरिक आजाराच्या धर्तीवरच मानसिक आजाराचा विमा उतरविला पाहिजे. आणि ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, तो तीव्र ताणाखाली होता असेच कायदा गृहीत धरतो; पोलीस केसच्या भयाने इस्पितळ टाळू नका.

औषधाने अपाय झाला तर ते औषध थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या 1800-180-3024 या विनामूल्य क्रमांकावर कळवा. आयुर्वेदीय औषधाच्या दर्जाविषयीची तक्रार जिल्ह्यातील क्षेत्रीय आयुर्वेदिक व युनानी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्जाने करता येते, आणि फसवणुकीबद्दल ग्राहक म्हणून 1915 या क्रमांकावर दाद मागता येते. पावती मागून घ्या, बाटली रिकामी झाली तरी फेकू नका. आमच्या आत्याची बाटली रद्दीवाल्याला जाता जाता राहिली होती, आणि तिच्यावरचा गट क्रमांक पुसट झाला होता, म्हणून तो विकत घेतल्या दिवशीच वहीत उतरवून ठेवणे बरे.